डाव्या झोळीतला दाणा

मंगळवारी त्या माळावर पाय ठेवायला जागा नसायची. निपाणीच्या अलीकडं हायवे सोडून आत वळलं की तंबाखूची रानं संपतात आणि हा माळ लागतो. पत्र्याचं लांबलचक शेड, शेडच्या तोंडाशी चपलांचा ढीग, बाहेर सीट भरून नेणाऱ्या वडापच्या जीपा, नारळवाले, चहाची गाडी, भज्यांची कढई. आणि आत बायका. कुणी चिक्कोडीकडची, कुणी गडहिंग्लजची, कुणी पार खानापूरच्या पलीकडून आलेली. प्रत्येकीच्या मांडीवर दोन मडकी, तोंडाला फडकं बांधलेली. एका मडक्याला हिरवा दोरा, दुसऱ्याला पांढरा. शेजारी नवरा, मागं सासू. मराठीत आणि कानडीत सगळ्या एकच गोष्ट, मूल, मागायला आल्या होत्या.

त्या गर्दीत मीही होते. मी बेळगावात कॅम्पातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. असल्या जागी जायचं म्हटलं की माझं डोकं सकाळपासूनच तापतं. पण माझ्या धाकट्या भावाची, साईराजची, बायको ऋतिका माझ्या शेजारी बसली होती आणि तिच्या मांडीवर तीच दोन मडकी होती. आदल्या दिवशी तिनं फोन केला होता. "वन्सं, ह्या खेपेला तुम्ही या. मला एकटीला बसवत न्हाय," एवढंच म्हणाली. आता एकटी कुठली? नवरा सोबत, सासू सोबत, सासरे सोबत. म्हणजे माझे आईवडीलच. तरी ती एकटी म्हणाली, म्हणून मी रजा टाकून आले.

ज्याला सगळे घटाचा अज्जा, म्हणजे आजोबा, म्हणत तो बाबा मंचावर बसला होता. पिवळं उपरणं, कपाळभर भंडारा, मनगटात स्मार्ट घड्याळ. दोन्ही बगलांत दोन झोळ्या. त्याचा माइक मष्णू नावाचा चेला धरून उभा होता.

"मी कोन?" अज्जा म्हणाला. "मी काय करत न्हाय बाबांनो. दाना त्येचा, माती तुमची, पानी तुमच्या हिरीचं. मानूस खोटं बोलतोय, माती कशाला खोटं बोलंल? डाक्टर बाटलीत बघतोय. अज्जा मातीत बघतोय."

लोकांनी माना डोलावल्या. माझ्या आईची मान सगळ्यांत जोरात डोलली.

प्रकार असा होता. नवरात्रात आपण घट बसवतो, मातीत धान्य पेरतो, ते उगवतं. त्यावर पीक कसं येणार याचा अंदाज बांधणारी माणसं आपल्याकडं आहेत. अज्जानं तेच उचललं आणि माणसांना लावलं. आपल्याच रानातली माती दोन मडक्यांत भरून आणायची. पांढऱ्या दोऱ्याचा घट नवऱ्याचा, त्यात अज्जा उजव्या हातानं उजव्या झोळीतली ज्वारी टाकणार. हिरव्या दोऱ्याचा बायकोचा, त्यात डाव्या हातानं डाव्या झोळीतली. दाणे भंडाऱ्यात घोळून पिवळेधमक केलेले. मडकी घरी न्यायची, देवापुढं ठेवायची, दोन्हींना सारखं पाणी शिंपडायचं आणि पुढच्या मंगळवारी सगळ्यांसमोर फडकं सोडायचं. ज्याचा घट उगवला तो चांगला. ज्याचा मोकळा राहिला, खोट त्याच्यात.

मी बघत होते. एकेक जोडपं पुढं जात होतं. नवऱ्याच्या घटात दरवेळी बोटबोट हिरवे कोंब, बायकोच्या घटात दरवेळी काळी माती. एकाही पुरुषाचा घट मोकळा निघाला नाही. एवढी माणसं बसली होती, त्यात शेतकरी होते, कारखान्यातले फिटर होते, एक तर बँकेत होता. हे असं कसं, असं कुणाच्या मनात आलं नसेल का? आलं असेल. पण विचारायचं कुणी?

ऋतिकाचा नंबर आला. साईराजच्या मडक्यावरचं फडकं सुटलं आणि आत हिरवंगार. तिच्या मडक्यावरचं सुटलं. काही नाही. मागून बायकांचा चुकचुकल्याचा आवाज आला आणि ऋतिकानं पदर ओढून घेतला.

"नेला सत्तैती," अज्जा कानडीत म्हणाला. मग आम्हा मराठी लोकांसाठी पुन्हा सांगितलं, "जमीन मेलीया. ही दुसरी खेप. आनि एक खेप बघूया. तिसऱ्या खेपंला बी माती बोलली न्हाय, तर मग बी वाया घालवू नका. रान बदला."

रान बदला म्हणजे काय ते शेडमधल्या सगळ्यांना कळलं. माझ्या आईला तर आधीच कळलं होतं, कारण तिनं तिच्या माहेरची एक मुलगी बघूनही ठेवली होती. तिसरा घट मोकळा निघाला की ऋतिका माहेरी, मच्छे गावाला. पाच वर्षांचा संसार एका मडक्यावर येऊन ठेपला होता.

ही ऋतिका कोण, तर माझ्या आईच्या गुडघ्याला रोज तेल लावणारी, आप्पांच्या गोळ्या त्यांच्या हातावर ठेवणारी, माझ्या शाळेत विज्ञान प्रदर्शन असलं की आमच्या उचगावच्या घरून डब्यात चकल्या घालून पाठवणारी पोरगी. ती स्वतःहून बेळगावात एका डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आली होती. सगळ्या तपासण्या झाल्या. तुझं सगळं ठीक आहे, आता नवऱ्याला घेऊन ये, असं त्यांनी सांगितलं. नवरा गेला नाही. मग घरातले सगळे मिळून अज्जाकडं गेले.

मोकळा घट विहिरीत सोडायचा असा नियम. मी तो सोडू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परसात बसून माती उपसली. दाणे सापडले. फुगलेले, बुळबुळीत, आंबूस वासाचे. एक दाणा चिमटीत धरला आणि जरा दाबला तर पिठासारखा लिबलिबीत झाला. साईराजच्या मडक्यात एकदोन न उगवलेले दाणे होते, ते मात्र आतून टणक.

आप्पांना हाक मारली. माझे वडील भरमूआप्पा. जन्म शेतीत गेला. सोयाबीन पेरायच्या आधी हा माणूस ओल्या गोणपाटात मोजून दाणे गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते बघितल्याशिवाय पोत्याचं तोंड सोडत नाही. दुकानदारानं कितीही शपथा घातल्या तरी नाही. आमच्याकडं सगळेच तसं करतात. त्यांच्या हातावर मी धुतलेला दाणा ठेवला. त्यांनी तो दाताखाली धरला आणि थुंकला.

"शिजलेला हाय," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय?"

"आप्पा, शिजवलेली ज्वारी उगवंल का?"

त्यांनी धोतराला हात पुसले. "देवाच्या दान्याची उगवन बघायची नसती, पोरी," म्हणाले आणि गोठ्याकडं निघून गेले. दुकानदाराच्या दाण्यावर संशय घेणारी माणसं अज्जाच्या दाण्याला हात जोडतात. अज्जाचं सगळं दुकान या एका सवयीवर उभं होतं.

आईला सांगितलं तर ती उसळलीच. "तू तुझं शाळेत शिकव. माझ्या पोराचा घट बघिटलास न्हवं? हिरवागार. त्येच्यात काय खोट न्हाय."

"आई, दाणाच शिजवलेला होता."

"मग त्येचा दाना कसा उगवला?"

"तो शिजवलेला नव्हता म्हणून."

"म्हंजे अज्जा माझ्या पोराच्या बाजूनं हाय, व्हय? मग तुला काय दुखालंय?"

मी उठले आणि साईराजकडं गेले. तो गाडी पुसत होता. म्हटलं, साईराज, दोघं एकदा डॉक्टरकडं जाऊन या. पुरुषाची तपासणी म्हणजे काही ऑपरेशन नव्हे. अर्ध्या दिवसाचं काम.

"मला काय धाड भरलीया?" तो म्हणाला. माझ्याकडं बघितलं नाही. "आनि एक खेप ऱ्हायलीया न्हवं आक्का, हू दे की ती."

तिसरी पेरणी झाली. मडकी घरी आली, देवापुढं बसली. मी त्या दिवशी मुद्दाम घरी थांबले होते. दुपारी सगळे रानात गेल्यावर ऋतिकाला जवळ घेतलं आणि सगळं सांगितलं. दाणा, झोळ्या, उजवा हात, डावा हात. ती ऐकत राहिली. रडली नाही. पहिल्यांदा तिच्या कपाळावर आठी दिसली.

"म्हंजे मी दोन वेळा तिथं बसले ती शिजलेल्या ज्वारीसाठी," ती म्हणाली.

"व्हय."

"आनि माझ्या आईनं उपास धरलेत, ते?"

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, आपण एक करू. दोरे बदलू. हिरवा काढून त्याच्या मडक्याला, पांढरा तुझ्या मडक्याला. मंगळवारी अज्जाला सगळ्यांसमोर काय सांगायचं ते सांगू दे.

ती उठली, देवापर्यंत गेली आणि थांबली. "त्यांचा घट मोकळा निघाला तर लोक त्यास्नी बोलतील, वन्सं. त्यास्नी सोसायचं न्हाय."

"तुला बोलले तेव्हा?"

"माझं सोडा. सवय झालीया." मग मडक्यांपुढं बसत म्हणाली, "तुम्ही लगेच सांगा पर, दोरा बदललाय म्हणून. त्यास्नी लई वेळ उभं करू नका तसं."

मी कबूल केलं. दोरे तिनं स्वतःच्या हातानं बदलले.

मंगळवारी शेड नेहमीसारखंच गच्च. अज्जानं माइकवरून तिसऱ्या खेपेची जाहिरात केली. "उचगावची बाई. दोन घट मोकळं गेल्यात. आज माती काय म्हनतीया बघूया." मष्णूनं शंख फुंकला. आईनं डोळे मिटून हात जोडले.

अज्जानं आधी हिरव्या दोऱ्याचं फडकं सोडलं, कारण मोकळं मडकं आधी दाखवलं की गर्दी जास्त हळहळते. फडकं बाजूला झालं आणि आत हिरवेगार कोंब.

शेडमध्ये एकच गलका झाला. अज्जा क्षणभर मडक्यात बघत राहिला, पण गडी मुरलेला. लगेच हात वर केला. "बघा. मेलेली जमीन जिती केली. डाक्टर करंल का हे? करंल का?" बायका रडायला लागल्या. आईनं ऋतिकाची पाठ थोपटली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा.

"आता दुसराही सोडा की, अज्जा," मी म्हटलं.

त्यानं पांढरा दोरा सोडला. काळी माती. कोंब नावाला नाही.

गलका थांबला. सगळ्यांच्या नजरा साईराजकडं वळल्या. माझा भाऊ त्या मडक्याकडं असा बघत होता की मला पुढचं सगळं विसरायला झालं. मग अज्जाच बोलून गेला. "दोरा बदललाय. कुणी तरी दोरा बदललाय ह्यो."

मला एवढंच हवं होतं. "व्हय," मी मोठ्यानं म्हटलं, "दोरा आम्हीच बदललाय. पण अज्जा, माणसं तीच आहेत. माती तीच. पाणी तेच. घट माणसाची खोट सांगतो म्हणता, मग दोरा इकडचा तिकडं केला तर खोट कशी काय फिरली?"

"बाई, देवाची चेष्टा—"

"चेष्टा तुम्ही करताय. डाव्या झोळीतला दाणा शिजवून वाळवलेला आहे. तो कुणाच्याही मडक्यात उगवणार नाही. नवऱ्याच्या नाही, बायकोच्या नाही, तुमच्या स्वतःच्याही नाही. शिजलेला दाणा वेगळा दिसू नये म्हणून सगळे दाणे भंडाऱ्यात घोळलेत." मग मी बायकांकडं वळले. "तुमच्या मांडीवर आजचे मोकळे घट आहेत ना? माती उपसा. दाणा हातात घ्या आणि दाबून बघा."

कुणी हललं नाही. मग पुढच्या रांगेतल्या एका वयस्क बाईनं, तानीबाई तिचं नाव, लेकीसाठी आली होती, मडकं सरळ उपडं केलं. दाणा शोधला, चिमटीत दाबला. बोटांना लागलेला तो पांढरा लगदा तिनं शेजारणीला दाखवली. शेजारणीनं आपलं मडकं उपडं केलं. मग मागच्या रांगेत, मग त्याच्या मागच्या. सगळ्या शेडमध्ये माती सांडली आणि बायका मातीत बोटं घालून दाणे चुरडत बसल्या. कुणी आरडाओरडा केला नाही. बहिणीसोबत आलेली एक जण नुसती म्हणाली, "ह्या दान्यापायी मला सोडलंय त्येनं." तिच्याकडं कुणाला बघवलं नाही.

मष्णू डावी झोळी घेऊन मागच्या दारानं सटकत होता, त्याला बाहेरच्या वडापवाल्यांनी धरला. अज्जा मात्र गाडीत बसून गेला. आम्ही पोलिसांत तक्रार दिली. पण राज्याची हद्द जवळ, आणि असल्या माणसांना दोन्ही राज्यांत भक्त असतात. हल्ली तो तिकडं कुठं तरी दुसऱ्या नावानं बसतो असं ऐकू येतं.

इथं माझी गोष्ट संपायला हवी होती. भोंदू उघडा पडला, सुनेचा संसार वाचला. मी घरी येताना तसंच समजत होते.

पण आम्ही शेडमधून निघताना मागून एक माणूस म्हणाला होता, "म्हंजे खोट पोराचीच असंल मग." मी तिथंच त्याला झापलं. अहो, घटच खोटा, मग त्यातून कुणाची खोट कशी काढता? पण साईराजनं ते ऐकलं होतं. उचगाव येईपर्यंत तो गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होता. उतरताना मला म्हणाला, "आक्का, डॉक्टरची वेळ घे."

कॅम्पात डॉक्टर बुद्धप्रिय कांबळे आहेत, ते हेच काम करतात. त्यांनी साईराजला तपासलं, नमुना तपासला, मध्ये काही आठवडे जाऊ देऊन पुन्हा तपासला. मग सगळ्यांना बोलावलं. साईराजच म्हणाला, आई आणि आक्का पण असू दे.

"नमुन्यात शुक्रजंतू नाहीत," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही वेळा नाहीत. आणि दोन्ही अंड, म्हणजे वृषण, लहान झालेत. साईराज, वयात आल्यावर तुम्हाला कधी गालगुंड झालं होतं का?"

उत्तर आईनं दिलं. "झालतं. कालेजात हुता तवा. गाल ह्ये एवढं सुजलं हुतं."

"आणि नंतर खाली सूज आली?"

आईनं माझ्याकडं बघितलं, मग पदर तोंडाला लावला. मी त्या वर्षी धारवाडला बी.एड. करत होते, मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"आली," ती म्हणाली. "दोन्हीकडं. पोरगं वरडायचं. लई ताप. पर आमच्यात म्हंतात, गालाचं दुखनं खाली आलं म्हंजे वाटंला लागलं. आता पायातनं जाईल. मी तर साखर वाटली. आनि कुनाला सांगायचं? तरनं पोर. बोभाटा झाला असता तर लगीन कुनी केलं असतं?"

डॉक्टर तिच्यावर चिडले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. गालगुंड हा विषाणूचा आजार. लहान मुलांत बहुधा येतो आणि जातो. पण वयात आलेल्या मुलाला झाला तर काहींच्या अंडात तो विषाणू उतरतो. अंडाला बाहेरून घट्ट आवरण असतं, त्यामुळं आत सूज आली तर तिला पसरायला जागा नसते आणि शुक्रजंतू तयार करणाऱ्या बारीक नळ्या दबून खराब होतात. बहुतेकांना एकाच बाजूला होतं, आणि अशांना पुढं मुलं होतात. दोन्हीकडचं कायमचं जाणं हे थोड्यांच्या वाट्याला येतं. साईराजच्या वाट्याला ते आलं.

"तवाच आनलं असतं तर वाचलं असतं का?" आईनं विचारलं.

डॉक्टरांना खोटं बोलणं सोपं होतं. "खात्रीनं नाही सांगता येत, आजी. लहानपणी लस टोचली असती तर बहुधा हे झालंच नसतं. पण तेव्हा दाखवलं असतं तर एक नक्की झालं असतं. लग्नाच्या आधी सगळ्यांना खरं माहीत असतं." मग साईराजला म्हणाले, "यात तुमचा दोष नाही. पुरुषपणाचा याच्याशी काही संबंध नाही. मूल हवं असेल तर मार्ग आहेत. दत्तक घेता येतं, दात्याचं बीज वापरता येतं. दोघांनी बसून ठरवा."

बाहेर बाकावर आम्ही बसलो. आई डोळे पुसत होती. ऋतिका साईराजच्या शेजारी बसली होती, तिनं त्याचा हात हातात घेतला होता. मला वाटलं, झालं, आता हे दोघं यातून निघतील. मूल नसलं तरी निघतील.

मग तिनं हळूच विचारलं, "तुमास्नी ठाव होतं?"

"ठाव न्हवतं," तो म्हणाला. "भ्या होतं. कालेजातल्या एका पोरानं सांगितलं होतं, असं झालं की पोरं होत न्हाईत. मी कुणाला विचारलं न्हाय."

"म्हणून डॉक्टरकडं येत न्हवता."

"व्हय."

"मग माझा घट मोकळा निघाला, तवा?"

ती थांबली. तिनं घाई केली नाही. मी मनात म्हणत होते, साईराज, काही तरी बोल, काहीही बोल. पण माझा भाऊ त्या दिवशी खरं बोलायचं ठरवून आला होता.

"बरं वाटलं," तो म्हणाला आणि रडायला लागला. "लई बरं वाटलं, ऋतिका. वाटलं, सुटलो. पहिल्या खेपंला घरी जाऊन झोपलो, तसा कैक वर्षांत झोपलो न्हवतो."

ऋतिकानं हात काढून घेतला. झटकला नाही, नुसता काढून आपल्या मांडीवर ठेवला. त्याला रडू दिलं.

तेव्हा मला अज्जाचं दुकान खरं कळलं. मी समजत होते ते बायकांच्या आशेवर चालतं. ते चालत होतं पुरुषांच्या भीतीवर. प्रत्येक नवऱ्याला तिथं एक हिरवा घट मिळायचा, आणि त्याची किंमत शेजारी बसलेली बायको चुकवायची. शिजवलेली ज्वारी ही नुसती हातचलाखी होती. ती आम्ही एका सकाळी परसात बसून पकडली. ही दुसरी गोष्ट आमच्या घरात पाच वर्षं होती आणि आम्हाला कुणाला दिसली नाही.

चार दिवसांनी ऋतिकानं पिशवी भरली. आईनं उंबऱ्यात तिला अडवलं, पाया पडायला वाकली. माझी आई, मालुबाई, जिनं आयुष्यात कुणापुढं मान तुकवली नाही. "मी ती पोरगी बघिटल्याली, त्यांना न्हाय म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "तू जाऊ नको. आमचं चुकलं."

"आत्ती, उठा," ऋतिका म्हणाली. तिनंच तिला धरून उठवलं. "तुमचा राग न्हाय मला. तुम्ही आई हायसा, पोराचं झाकलंसा."

साईराज पायरीवर बसला होता. तिनं त्याच्याकडं बघून सांगितलं, "तुमचा आजार मी घेतला असता. पोर न्हाय म्हणून मी कधीच गेले नसते. पर मी त्या शेडात बसले होते, बाया माझ्याकडं बघत होत्या, आनि तुम्हास्नी बरं वाटत होतं. हे मला विसरायला जमत न्हाय. मी लई बघितलं जमवून."

मी तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले. मच्छ्याला ती भावाकडं राहते, तिथल्या कारखान्यात पॅकिंगला जाते. मी तिला परत ये म्हणत नाही. माझा भाऊ आहे म्हणून मी तिच्याकडं ते मागावं, एवढी निर्लज्ज मी नाही. साईराज दर महिन्याला मच्छ्याला जातो, तिच्या भावाच्या दाराशी चहा पितो आणि परत येतो. ती बोलते त्याच्याशी, शेजाऱ्याशी बोलावं तसं.

बसमध्ये चढायच्या आधी ती मला म्हणाली, "वन्सं, लोक म्हणतील, मूल होत न्हाय म्हणून गेली. तुम्ही सांगा तसं न्हाय ते."

म्हणून सांगते आहे. तुमच्या घरातल्या वयात आलेल्या मुलाला गालगुंड झालं आणि खाली दुखू लागलं, तर साखर वाटू नका, झाकू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. लहान मुलांना गालगुंडाची लस द्यायची का, ते डॉक्टरांना आत्ताच विचारा. घरात पाळणा हलला नाही, तर बायकोला मातीत, मडक्यात, कुणा अज्जाच्या पायाशी बसवायच्या आधी नवऱ्यानं स्वतः तपासून घ्यावं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि तपासणीत काही निघालं तर बायकोला सांगावं. तिला तेवढं सोसतं. ऋतिकाला सोसलं असतं.